कालची ओळ

मास्तरांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. केबल कंपनीच्या गाईड विभागात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. घरोघर टीव्हीवर गाईडचं बटण दाबलं की कुठल्या चॅनेलला किती वाजता काय आहे याचा जो तक्ता उघडतो, तो भरायचं त्यांचं काम. पण दुसऱ्याची चूक सापडली की त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की ऑफिसनं त्यांचं मास्तर असं बारसं करून टाकलं. अक्षर मात्र खरोखरच मास्तरासारखं होतं, वळणदार आणि ठसठशीत. त्याच अक्षरातला एक कागद त्यांच्या टेबलासमोरच्या भिंतीवर वर्षभर चिकटलेला होता: 'जुनी ओळ उचलून चिकटवू नये. प्रत्येक कार्यक्रमाला नवा क्रमांक द्यावा.'

त्या दुपारी मास्तरांचं लक्ष कामात नव्हतं. साडेतीनला त्यांच्या मुलीची टेबल टेनिसची फायनल होती. गावातलं एक छोटं चॅनेल ती दाखवणार होतं. एकदाच, पुन्हा नाही. पोरगी सतरा वर्षांची, आणि तिच्या आईनं तिला आजवर एकाही स्पर्धेत प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलं नव्हतं. मास्तरांची बायको शहर बस चालवायची. तिचा मार्ग स्पर्धेच्या हॉलवरूनच जायचा, दिवसातून सहा वेळा. थांब्यावर चाळीस सेकंद बस उभी राहायची, तेवढ्यात ती हॉलच्या बंद दाराकडे बघून घ्यायची आणि गिअर टाकायची.

म्हणून रेकॉर्डिंग. दोन महिन्यांपूर्वीच्या स्पर्धेत मास्तरांनी ते मोठ्या तोऱ्यात लावलं होतं. मॅच लांबली, केबलच्या बॉक्सनं ठरल्या वेळेला मान टाकली, आणि बायको टीव्हीसमोर बसलेली असताना नऊ-नऊच्या बरोबरीवर पडदा काळा झाला. तेव्हापासून घरात 'शेवटची चार मिनिटं' हा शब्दप्रयोग रूढ झाला होता. आमटीत मीठ कमी पडलं तरी बायको म्हणायची, "चालायचंच, शेवटची चार मिनिटं."

या वेळी मास्तर ताकही फुंकून पीत होते. पूर्ण स्पर्धा रेकॉर्ड करायला लावली होती. काल सेमी फायनल व्यवस्थित आली. बायको डबल ड्यूटी करून आलेली, तिनं नुसती यादीत बघितली आणि म्हणाली, "उद्या दोन्ही एकदम बघीन. तुम्ही फक्त उद्याची नीट घ्या हो." 'नीट' या शब्दावर तिनं जरा जास्त जोर दिला होता.

अडीचला पाच कमी असताना मदत केंद्रातल्या मुलीनं फोन वर जोडला. "मास्तर, एक आजी आहेत. मी हात टेकले."

"गाईड विभाग. बोला आजी, काय अडचण आहे?"

"अडचण मला नाही, तुमच्या डब्याला आहे," पलीकडून खणखणीत आवाज आला. "काल त्या टेबल टेनिसपुढे लाल ठिपका होता. आज नाही. ठिपका नाही म्हणजे रेकॉर्ड होणार नाही, एवढं मला कळतं."

"बॉक्स बंद करून चालू केलात?"

"तुमच्या त्या मुलीनं तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा केलं तर डबा मला शिव्या देईल."

"बरं. बॉक्समधलं घड्याळ बरोबर आहे का बघा. जागा किती शिल्लक आहे?"

"घड्याळ बरोबर आहे. जागा चाळीस तास. पुढे विचारा."

मास्तरांना आजी आवडायला लागल्या. "आता गाईड उघडा, बाणानं आजच्या मॅचवर या आणि माहितीचं बटण दाबा. काय लिहून येतंय ते जसंच्या तसं वाचा."

चष्मा शोधल्याचे आवाज झाले. मग आजी एकेक शब्द सोडत वाचू लागल्या, "हा भाग... आधीच... रेकॉर्ड झाला आहे. पुन्हा रेकॉर्ड होणार नाही." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "अहो, मॅच अजून व्हायचीय. आधीच कशी झाली रेकॉर्ड?"

उत्तर मास्तरांना वाक्य पुरं व्हायच्या आतच कळलं होतं.

बॉक्सला नावं वाचता येत नाहीत. सेमी फायनल काय, फायनल काय, त्याला फक्त क्रमांक कळतो. एका क्रमांकाचं काही आपल्याकडे आहे असं दिसलं की तो पुन्हा घेत नाही. मास्तरांनी घाईघाईनं तक्ता उघडला. कालची ओळ, शेवटी चारशे सतरा. आजची ओळ, शेवटी चारशे सतरा.

काल संध्याकाळी पोरगी फायनलला गेल्याचा फोन आला तेव्हा ते निघायच्या बेतात होते. फायनलची ओळ दुसऱ्या कुणी भरावी हे त्यांना सहन होईना. कालच्या ओळीत मुलीचं नाव होतं, त्यांनीच लिहिलेलं. ती ओळ त्यांनी उचलली, खाली चिकटवली, 'उपांत्य'चं 'अंतिम' केलं, शेवटची चार मिनिटं आठवून मॅच संपायची वेळ एक तास पुढे ढकलली, आणि शीळ घालत घरी गेले. क्रमांक तसाच राहिला. भिंतीवरचा कागद समोर होता. पण स्वतःचं अक्षर माणूस वाचत नाही.

"हॅलो? आहात का गेलात?"

"आहे, आजी. कालची मॅच तुम्ही बघितलीत?"

"बघितली की. ती काटकुळी पोरगी छान खेळते."

"मग कालची खोडून टाका, आजचा ठिपका येईल."

आजींनी खोडली. ठिपका आला. "हुशार आहात हो तुम्ही!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "मला साडेतीनला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, नाहीतर एवढं डोकं खाल्लं नसतं. आणि हे बघा, ही चूक ज्यानं केली ना, त्याला आधी कामावरून काढा."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

घड्याळात दोन चाळीस झाले होते. घरी जाऊन कालची मॅच खोडावी, तर घर बसनं एक तासावर. जादा किल्ली पोरीजवळ, आणि पोरगी हॉलमध्ये. बायकोचा फोन ड्यूटीभर डेपोच्या कपाटात. आणि समजा पोचलो असतो, तरी काय? कालची मॅच बायकोनं बघितलेली नव्हती. एक मिळवायला दुसरी खोडायची, असा हा सौदा. आणि आजींनी फोन केला म्हणून आजींचं भागलं. बाकी हजारो घरांत ठिपका नाही हे कुणाच्या लक्षातही आलेलं नसणार.

क्रमांक बदलायला त्यांना एक मिनिट लागलं. चारशे सतराचं चारशे अठरा. ओळ पिवळी झाली, म्हणजे दुरुस्त झाली पण अजून घरोघर गेलेली नाही. गाईड दिवसातून दोनदाच बाहेर सुटायचं, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला. मधल्या वेळी सोडायचं तर तळघरातल्या खोलीत जाऊन, कारण लिहून, सही करून सोडवून घ्यावं लागे. सोडलं की घरोघरच्या बॉक्सपर्यंत पोचायला वीस मिनिटं.

तीन दहाच्या आत सुटायला हवं होतं. मास्तर उठले, आणि पुन्हा बसले.

तळघरातल्या त्या खोलीत खारूताई बसायची.

खारूताई मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेली. हात भलता चपळ, म्हणून हे नाव. तीन वर्षं ती त्यांच्या शेजारच्या टेबलावर होती. गेल्या वर्षी एका मालिकेच्या शेवटच्या भागाला तिनं हेच केलं होतं, ओळ उचलली आणि चिकटवली. हजारो घरांत शेवटचा भाग रेकॉर्डच झाला नाही. ती मास्तरांकडे आली होती, डोळ्यांत पाणी होतं, म्हणाली होती, "मास्तर, साहेबांना मीच सांगते, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या." मास्तरांनी वेळ दिला नव्हता. दीड पानाचा अहवाल लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. खारूताईची रवानगी तळघरात झाली, खिडकी नसलेल्या खोलीत. आणि भिंतीवर तो कागद लागला.

तेव्हापासून मास्तरांनी तिला 'अगं' म्हणणं सोडलं होतं. जिन्यात भेटलीच तर 'काय, कशा आहात' म्हणून पुढे निघत.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मास्तरांनी आयुष्यात शंभर जणांना ऐकवली असेल. आता ती त्यांच्याच छातीवर येऊन बसली होती. फोन पुन्हा वाजला, त्यांनी उचलला नाही. तीन वाजले. उद्या अख्खं ऑफिस हसेल, हसू दे, असं ते स्वतःला सांगत होते आणि खुर्ची काही सुटत नव्हती. मग त्यांना थांब्यावर चाळीस सेकंद उभी असलेली बस दिसली, स्टिअरिंगवरचे बायकोचे हात दिसले, आणि ते उठले ते थेट जिन्याकडेच. एकेक पायरी गाळत खाली गेले. पन्नाशीच्या माणसानं असं करू नये, गुडघे बोलतात.

खोलीत यंत्रांची घरघर होती. खारूताई संत्रं सोलत बसली होती. दारातल्या मास्तरांना बघून तिनं साल कागदावर ठेवलं.

"बोला मास्तर."

"गाईड सोडायचं आहे. आत्ता. मधल्या वेळचं." त्यांना धाप लागली होती. "एक ओळ आहे. मॅचची. क्रमांक..."

मग तिनं हात पुसले, माऊस हलवला, पडद्यावर दोनदा टिचकी मारली आणि खणातून अर्जाचं पुस्तक काढलं. एकावर एक तीन प्रती, मध्ये कार्बन. ते तिनं टेबलाच्या या बाजूला सरकवलं.

"कारण लिहा. चूक कुणाची तेही लिहा. सही करा. उद्या साहेबांकडे जातो हा अर्ज."

"हो, माहीत आहे."

"बसून लिहा."

मास्तर बसले. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या पाठीमागे आलं. पेन हातात घेतलं आणि आपोआप लिहिलं गेलं, 'चॅनेलने ऐनवेळी...'

किती सोपं होतं! चॅनेलनं ऐनवेळी बदल कळवला. छोटं चॅनेल, तिथं ना कुणी नोंद ठेवत होतं ना कुणी विचारायला जाणार होतं. साहेब सही करतील, कागद फायलीत जाईल, आणि मास्तर मास्तरच राहतील. त्यांनी डोळे वर केले. खारूताई संत्र्याच्या फोडीवरचे दोरे काढत होती. तिनं तो कागद उलटा वाचला की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिला सगळं कळलेलं आहे, असं मात्र त्यांना वाटलं. आणि कळूनही ती चकार शब्द काढणार नाही, असंही वाटलं. त्यानं त्यांना जास्त लाज वाटली.

त्यांनी ते शब्द खोडले. पुढे 'अनवधानाने' लिहिलं. तेही खोडलं. 'कामाच्या व्यापात' लिहिलं आणि स्वतःचाच राग आला. कसला व्याप? पेनाची शाई अंगठ्याला लागली. शेवटी त्यांनी तीन ओळी लिहिल्या: 'कालची ओळ उचलून आजच्या मॅचला चिकटवली. क्रमांक बदलला नाही. चूक पूर्णपणे माझी आहे.' खाली सही केली. बावीस वर्षांत इतकं वाईट अक्षर त्यांनी काढलं नव्हतं.

खारूताईनं अर्ज ओढून घेतला, सगळा वाचला, खोडलेलंसुद्धा. दोन चौकटींत काहीतरी भरलं, गुलाबी प्रत फाडून त्यांच्या हातात दिली.

मास्तरांनी वळून घड्याळ बघितलं. तीन पंधरा.

त्यांनी बोटांवर हिशेब केला, जणू तो केल्यानं बदलणार होता. तीन पंधरा आणि वीस, तीन पस्तीस. पाच मिनिटांचा उशीर. आणि बॉक्स काय ते सुरुवातीलाच ठरवतो. सुरुवात हुकली की सबंध मॅच हुकली.

"आधी सोडलं असतंत तर..." त्यांच्या तोंडून निघून गेलं. "म्हणजे, मी लिहीत होतो तोवर..."

"अर्ज हातात आल्याशिवाय सोडायचं नाही," खारूताई म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत मला."

गुलाबी कागद न वाचताच घडी घालून त्यांनी खिशात कोंबला आणि जिना चढले. या वेळी एकही पायरी गाळली नाही.

साडेतीनला त्यांच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर पोरगी सर्व्हिस करत होती. शेजारपाजारचे सगळे गोळा झाले, टाळ्या वाजवू लागले, कुणीतरी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मास्तर बघत होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं. ही मॅच जगातल्या सगळ्यांनी बघितली तरी जिनं बघायची ती हॉलसमोरून बस घेऊन चालली असेल, एवढंच डोक्यात होतं. मॅच लांबली. पाच गेम झाले. पावणेपाचला संपली. नंतर पोरीनं फोन करून बजावलं, "बाबा, आईला निकाल सांगायचा नाही हं. चेहऱ्यानंसुद्धा नाही."

बायको साडेसातला आली. हातपाय धुतले, गणवेश न बदलताच टीव्हीसमोर बसली आणि रिमोटसाठी हात पुढे केला.

"थांब," मास्तर म्हणाले. "आधी मला काही सांगायचं आहे."

"निकाल सांगितलात तर बघा."

"निकाल नाही. आज माझ्याकडून..."

"मग नंतर सांगा," म्हणून तिनं बटण दाबलंसुद्धा.

मास्तरांनी मान खाली घातली. यादी उघडल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "आधी कुठली लावू? कालची का आजची?"

त्यांनी वर बघितलं. यादीत दोन ओळी होत्या. उपांत्य. अंतिम. अंतिमपुढे लिहिलं होतं, सुरुवात तीन तीस.

"आजची," ते कसेबसे म्हणाले.

पहिल्या सर्व्हिसपासून सगळी मॅच होती. बायको पुढे सरकून, गुडघ्यांवर कोपरं ठेवून बघत होती. गुण कुणाला गेला याकडे तिचं फारसं लक्ष नव्हतं. एका विश्रांतीत कॅमेरा पोरीवर गेला, तेव्हा तिनं चित्र थांबवलं. "नखं खातेय," ती हळूच म्हणाली. "मला सांगत होती, केव्हाच सोडलंय म्हणून." आणि तिचे डोळे भरून आले. पाचव्या गेममध्ये पोरगी दोन गुणांनी हरली. शेवटची चार मिनिटंही होती, त्यानंतरचं हस्तांदोलनही होतं. बायकोनं नाक पुसलं. "हरली तर हरली. मी बघितलं ना तिला."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हं, काय सांगत होता?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. आजी, चारशे सतरा, तळघर, खोडलेले शब्द. "पण हे रेकॉर्ड झालं कसं, तेच कळत नाही," ते म्हणाले आणि खिशातला गुलाबी कागद काढला. बायकोनं तो हातातून घेऊन दिव्यापाशी धरला. वेळापत्रक वाचण्यात तिचं आयुष्य गेलेलं. खालच्या दोन चौकटी तिनं मोठ्यानं वाचल्या.

"अर्ज मिळाल्याची वेळ, तीन पंधरा. गाईड सोडल्याची वेळ," ती थांबली, "तीन सात."

तीन सातला मास्तर दारात धापा टाकत उभे होते. माऊस हलला होता, दोनदा टिचकी वाजली होती. त्यांनी एक अक्षर लिहायच्या आधीच तिनं सोडून दिलं होतं. अर्जाच्या आधी सोडलं, नियम मोडला, आणि तो मोडल्याची वेळ स्वतःच्या हातानं खरीखुरी भरली. उद्या तोच कागद साहेबांच्या टेबलावर जाणार होता.

मास्तरांना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

बायकोनं कागदाची घडी घातली. "या तीन ओळी लिहायला तुम्हाला आठ मिनिटं लागली," ती म्हणाली. "तिच्यावर दीड पान लिहिलं होतंत, ते किती वेळात?"

मास्तरांनी अंगठ्यावरची शाई चोळून बघितली. ती निघत नव्हती.

"एका बैठकीत," ते म्हणाले. "एकही खाडाखोड न करता."